जिभेने तपासलेलं पाणी

आजवर कुणालाच, अगदी बायकोलाही सांगितलेलं नाही ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे हात अडखळायला नको. साथीच्या तापातून उठल्यावर चार महिने माझ्या जिभेला चव नव्हती. मीठ, साखर, कारलं, सुकट, सगळं एकच. आणि नेमके तेच चार महिने मी रोज सकाळी फुलपात्रभर पाणी चाखून ते गोड आहे असं ठरवत होतो आणि त्याखाली सही करत होतो. त्या सहीवर एक हेलिकॉप्टर उडत होतं.

पाणी आणि हेलिकॉप्टर यांचा संबंध काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. माझ्या सासऱ्यांनाही वाटायचं. जावई विमानाचा इंजिनियर म्हणून त्यांनी मुलगी दिली आणि एकदा कामाची जागा बघायला आले, तर जावई उभा राहून हेलिकॉप्टरला आंघोळ घालून घेतोय. परत जाताना ते माझ्या बायकोला म्हणाले, "हे तर आम्ही बैलाला करत होतो."

आमचा तळ अलिबागहून रेवदंड्याला जाताना उजव्या हाताला, सुरूच्या झाडांमागे. एक हेलिकॉप्टर, एक पत्र्याचं हँगर, एक विहीर. मुंबईहून मांडव्याला बोटीने तासाभरात येता येतं, पण बोटीत शेजारी कोणीही बसू शकतं, आणि हे ज्यांना सोसत नाही ती आमची गिऱ्हाईकं. शुक्रवारी संध्याकाळी यायची, सोमवारी सकाळी जायची. एक बाई स्वतःचं वजन सांगायच्या नाहीत. हेलिकॉप्टरमध्ये कोण कुठे बसणार हे वजनावर ठरतं, त्यामुळे मी अंदाजाने लिहायचो, आणि मी जास्त लिहिलं म्हणून त्यांनी माझी तक्रार केली. एका गृहस्थांनी बंगल्याच्या वास्तुशांतीला हेलिकॉप्टरचीही पूजा मांडली आणि भटजींनी नारळ फोडायला कठीण जागा शोधता शोधता शेपटीच्या पंख्याकडे मोर्चा वळवला. मी आडवा पडलो म्हणून पंखा वाचला. भटजी अजून मला नास्तिक समजतात.

तर आंघोळीबद्दल. समुद्रावरून उडणारं यंत्र दर फेरीत खारी हवा पितं. मीठ इंजिनाच्या आतल्या छोट्या छोट्या पात्यांवर बसतं, आधी थर धरतं, मग धातू खातं. म्हणून दिवसाचं शेवटचं उड्डाण झालं की इंजिन न पेटवता नुसतं फिरवायचं आणि त्याच्या तोंडातून गोड्या पाण्याचा फवारा आत सोडायचा. माणसाने जेवल्यावर चूळ भरावी तसं. मात्र चूळ गोड्या पाण्याचीच हवी. आमच्याकडे गोडं पाणी म्हणजे साखरेचं नव्हे, पिण्याजोगं, खारट नसलेलं. त्यात क्षार किती चालतात याची मर्यादा कंपनीच्या पुस्तकात छापलेली आहे. रोज मीटर बुडवून आकडा बघायचा, रजिस्टरात लिहायचा, सही करायची. आमच्या धंद्यात सही झाली नाही तर झालेलं काम झालेलं नसतं. आणि सही झाली तर न झालेलं कामसुद्धा झालेलं असतं. ही दुसरी गोष्ट पुस्तकात छापलेली नाही.

आजूबाजूच्या वाड्यांना मे महिन्यात टँकर यायचा तो तिसऱ्या दिवशी. आमच्या हेलिकॉप्टरला मात्र आंघोळ रोज. कुंपणापाशी हंडे घेऊन बायका उभ्या राहायच्या, त्यांना वॉचमन सांगायचा की हे पाणी तपासलेलं आहे, ते माणसांसाठी नाही. हे वाक्य त्याला मीच शिकवलं होतं.

ही आंघोळ घालणारा माणूस म्हणजे सुभाष गायकवाड. माझ्याच वयाचा, जवळच्या वाडीतला, ठेकेदाराच्या पगारावरचा. त्याच्या घरात तीन पिढ्यांपासून बुद्धाची तसबीर. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. गायकवाड कमी बोलायचा आणि काम असं करायचा की बघत राहावं. नळी गुंडाळताना तिला एक पीळ पडू द्यायचा नाही. वर्षभरात एकच रजा हमखास मागायचा, वीस मार्चची. त्या दिवशी महाडला तळ्यावर जायचा. तिथे काय असतं ते मला माहीत होतं. शाळेत धडा होता. परीक्षेत मी त्यावर दहापैकी आठ मार्क मिळवले होते.

आता माझ्या जिभेबद्दल. मी म्हात्रे, उरणकडचा, आगरी, मिठागरातल्या घरातला. माझा बाप आगरातल्या पाण्यात बोट बुडवून चाटायचा आणि मीठ किती दिवसांत धरेल ते सांगायचा. त्या आगरावर आता कंटेनर रचून ठेवलेले आहेत, पण जीभ माझ्याकडे आली असा आमच्या घरात समज होता, आणि तो समज मी नोकरीतही नेला. सुरुवातीला गंमत म्हणून. गायकवाडने पाणी आणायचं, मी चाखून आकडा सांगायचा, मग मीटर बुडवायचं. आकडा जवळपास यायचा. तळाचे मॅनेजर गिऱ्हाइकांना सांगायला लागले, आमच्या म्हात्र्यांची जीभ म्हणजे मशीन आहे. माणसाला कुणी मशीन म्हटलं की तो खूश होतो, हे फक्त आमच्याच धंद्यात घडत असावं.

मग मीटर तपासणीला मुंबईला गेलं. दर वर्षी जायचं आणि आठवड्यात परतायचं. त्या वर्षी तिथल्या कपाटात राहिलं. मी खरेदी बघणाऱ्या शहाभाईंकडे गेलो, म्हटलं, अलिबागच्या बाजारात पाण्याचे फिल्टर विकणारा पोरगासुद्धा मीटर खिशात घेऊन फिरतो, तसलं एक आणू. शहाभाई म्हणाले, त्याला प्रमाणपत्र नसतं, ते चालणार नाही. मग हसून म्हणाले, "आणि तुमची जीभ छे ने, म्हात्रेसाहेब?"

म्हणजे प्रमाणपत्र नसलेलं मीटर चालत नाही आणि प्रमाणपत्र नसलेली जीभ चालते. मी हा विनोद त्या वेळी चारचौघांत सांगून हशाही घेतला. आणि दुसऱ्या दिवसापासून चाखून आकडा लिहू लागलो. रजिस्टरात जीभ लिहायला रकाना नाही, आकड्याला आहे.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मला ताप आला.

ताप उतरला, चव गेली. येईल म्हणाले, आठवड्यात, महिन्यात. ती येईपर्यंत मी गप्प राहायचं ठरवलं. डॉक्टरला सांगितलं तर कागदावर येईल, कागदावर आलं तर कंपनीला कळेल, आणि कंपनीला कळलं तर गेले पंधरा दिवस आकडे कुठून आले हे कोणीतरी विचारेल. घरी का सांगितलं नाही, याचं असं काही कारण नव्हतं. सवय लागली. एकदा बायको कोळंबीच्या कालवणात मीठ घालायचीच विसरली. मी भुरका मारून "आज मस्त जमलंय" म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. ती गोष्ट ती अजून पाहुण्यांना सांगते, की आमच्या ह्यांनी कधी अन्नाला नाव ठेवलं नाही. पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी वाढून घेतो.

कामावर रोज सकाळी गायकवाड फुलपात्र आणायचा. मी तोंडात घोळवायचो, वर बघायचो, जरा विचार केल्यासारखं करायचो आणि कालच्या आकड्याच्या आसपासचा आकडा लिहायचो. कधी थोडा जास्त, कधी थोडा कमी, म्हणजे खरा वाटावा. आणखी एक सांगतो, ते सांगायला मला चव गेल्याहून जड जातंय. माझ्या आजोबांनी गायकवाडच्या आजोबांच्या हातचं पाणी घेतलं नसतं. मी रोज सकाळी सगळ्यांदेखत घेत होतो, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

समुद्राकाठच्या विहिरी मार्च-एप्रिलात मचूळ होतात. शेंबड्या पोराला माहीत असतं. पाणी खाली गेलं की खारं आत सरकतं. एप्रिलच्या सुरुवातीला गायकवाड फुलपात्र हातात देताना म्हणाला,

"साहेब, पाणी जरा जड लागतंय. नीट बगा."

मी घोट घेतला. काहीच लागलं नाही. मला तर दगडही लागला नसता. मी म्हणालो, "गायकवाड, आमच्या तीन पिढ्या मिठात गेल्या. तू मला पाणी शिकवणार?"

तो हसला नाही, रागावलाही नाही. "मी पितो ना हे पाणी, म्हनून बोललो," म्हणाला आणि नळी जोडायला गेला.

आठवड्याने पायलट तक्रार घेऊन आला, इंजिन गरम चालतंय. त्याच ताकदीला काटा पूर्वीपेक्षा वर जातोय. हे पात्यांवर मिठाचा थर बसल्याचं लक्षण. परीक्षेत येतो हा प्रश्न. त्याचं उत्तरही ठरलेलं, नीट धुवा. मी उत्तर दिलं. दिवसातून दोनदा धुवा, असा लेखी हुकूम काढला. म्हणजे आधी इंजिन खाऱ्या पाण्याची एक चूळ भरत होतं, आता दोन भरू लागलं. काटा आणखी वर गेला. मी हुकूम दिला, पाणी जास्त वेळ सोडा. गायकवाड उन्हातान्हात दोन-दोनदा धूत राहिला. त्या दिवसांत त्याने पुन्हा कधी पाण्याबद्दल काही म्हटलं नाही. मात्र फुलपात्र देताना माझ्या तोंडाकडे बघत राहायचा, मी घोट गिळेपर्यंत.

दर फेरीला पाच माणसं त्या यंत्रात बसून खाडीवरून जात होती. काही झालं नाही. हे मी माझ्या बाजूने सांगत नाही. नशिबाच्या बाजूने सांगतो.

मेच्या शेवटी काटा मर्यादेला टेकला तेव्हा इंजिनात लवचिक नळीचा कॅमेरा घातला. पडद्यावर पाती दिसली. पांढरी, कडेने कुरतडलेली, उंदराने पुस्तक खाल्ल्यासारखी. इंजिन उतरवावं लागलं. ज्यांचं हेलिकॉप्टर ते शेटजी दोन शुक्रवार बोटीने आले आणि बोटीत त्यांच्या शेजारी कोणीतरी बसलं. एवढ्या मोठ्या अपघाताची चौकशी होणं भागच होतं.

त्याच आठवड्यात माझी चव परत आली. सकाळी चहा गोड लागला आणि मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडलो. बायकोला वाटलं, इंजिनाचं टेन्शन.

चौकशीला मुंबईचे साहेब आले. दर्जा बघणाऱ्या खात्याचे. खोलीत ते, मॅनेजर, ठेकेदार, मी आणि दाराशी उभा गायकवाड. टेबलावर सगळ्यांपुढे बाटलीबंद पाणी. पाती सांगत होती की मीठ धुतलं गेलेलं नाही, आणि धुण्याचं काम एकाच माणसाचं होतं. साहेबांनी रजिस्टर उघडलं. वीस मार्चला उड्डाण झालेलं, धुण्याची नोंद कोरी. गायकवाड रजेवर होता. बदली माणूस लावायचं काम माझं होतं आणि मी विसरलो होतो. साहेबांनी त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, एक दिवस सापडला, न सापडलेले किती असतील?

गायकवाड म्हणाला, "एक दिवस सुटला तो माझ्या रजेचा. बाकी रोज धुतलंय, दोनदा धुतलंय. पानीच खारं व्हतं."

साहेब म्हणाले, रजिस्टरात रोजचा आकडा आहे, सगळे मर्यादेत.

"मीटर न्हाय इथं. साहेब चाखून लिव्हतात."

मीटर साहेबांच्याच खात्यातल्या कपाटात पडून होतं, पोच त्यांच्या सहीची होती. मीटर नाही असं म्हटलं की आधी ते अडकणार, मग मी. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही मीटरचा विषय काढला नाही. एकही शब्द न बोलता दोन शिकलेल्या माणसांचं इतकं एकमत मी त्याआधी पाहिलं नव्हतं. साहेब हसून म्हणाले, "अरे, जीभ कधी आकडा लिहिते का?"

मग गायकवाड बाहेर गेला आणि फुलपात्र भरून घेऊन आला. विहिरीचं, तेच. ते त्याने टेबलावर ठेवलं. साहेबांनी हात मागे घेतला. ते म्हणाले, मी बाहेरचं पाणी पीत नाही. मॅनेजरनी त्यांचं बघून मान हलवली. ठेकेदाराने बाटलीचं झाकण उगाच फिरवलं.

"तुमी चाखा, साहेब," गायकवाड मला म्हणाला. "तुमच्यावर सोडतो."

मी घोट घेतला. चार महिन्यांनी माझी जीभ जागी होती. बापाची, आजोबाची, सगळ्या आगराची जीभ. पाणी इतकं खारट होतं की घशाला बोचलं. फिल्टरवाल्या पोरालाही मीटर लागलं नसतं.

मी म्हणालो, "गोड आहे."

गायकवाडने माझ्याकडे बघितलं. मग त्याने फुलपात्र उचललं, उरलेलं पाणी उभ्यानेच पिऊन टाकलं, सगळं, आणि फुलपात्र टेबलावर पालथं ठेवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने त्याला काढलं. दाखल्यावर लिहिलं, कामात हयगय. पंधरवड्यात मुंबईहून इंजिन धुण्यासाठी शुद्ध पाण्याचे कॅन यायला लागले. मीटरही आलं, प्रमाणपत्रासकट. नवीन इंजिनाला काही झालं नाही. धुणारा बदलल्यावर सगळं सुधारलं, असं मॅनेजर म्हणाले. त्या वर्षी मला उत्तम देखभालीबद्दल भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते दहा मिनिटं पुढे चालतं.

गायकवाड दिघीला बंदरावर कामाला लागणार होता, सगळं ठरलं होतं. त्यांनी आधीच्या जागेचा दाखला मागितला आणि ठरलेलं मोडलं. नव्या विमानतळाकडे माणसं घेत होते, तिथेही तोच दाखला. सध्या तो रेवदंडा ते अलिबाग रिक्षा चालवतो. मी गेल्या वर्षी मुदतीआधी निवृत्ती घेतली. लायसन्स अजून चालू आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर एकदा स्टँडवर नेमकी त्याचीच रिक्षा लागली. बाकीची दोन माणसं चौलला उतरली आणि आम्ही दोघंच राहिलो. मी बराच वेळ शब्द जुळवत होतो. शेवटी म्हणालो, "गायकवाड, त्या दिवशी पाणी खारं होतं." आणि मग एकदम सगळंच सांगितलं, चव गेल्याचं, आकड्यांचं, घोट घेतल्यावर कळल्याचंही. म्हणजे चव गेल्याचं पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल तर त्याला. सुरुवातीला कुणालाच सांगितलं नाही असं लिहिलं, ते तेवढं खोटं आहे. माझी सवय.

त्याने रिक्षा थांबवली नाही. आरशात बघून म्हणाला, "मला काय सांगता, साहेब. मला म्हायतीच हाय. ज्यांना म्हायती न्हाय त्यांना सांगा."

उतरताना मी हात जोडले. त्याने मान हलवली, तीही समोरून येणाऱ्या एसटीसाठी असेल. मागून त्याने हाक मारली. मला वाटलं, काही बोलेल. माझी छत्री सीटवर राहिली होती, ती दिली.

ज्यांना माहीत नाही त्यांची यादी फार मोठी नाही. कंपनी, ठेकेदार, लायसन्स देणारं खातं, दिघीचं बंदर, आणि बायको. हा लेख छापून आला की बायको वाचेल. त्या दिवशी जेवायला काय असेल याची मला कल्पना आहे, आणि चव लागेल. बाकीचे दिवाळी अंक वाचत नाहीत. आणि वाचला तरी अंकातल्या लेखावर शिक्का नसतो, त्याने दाखला बदलत नाही. तेवढा धंदा मला कळतो.

गायकवाडचं माझ्याकडे एक पानाचं पत्र येणं आहे. त्यात चार वाक्यं हवीत. पाणी खारं होतं. त्याने रोज धुतलं. त्याने मला सांगितलं होतं. मी चौकशीत खोटं बोललो. खाली माझं नाव, लायसन्सचा नंबर आणि सही. ते मी अजून दिलेलं नाही.